वीस अँपियरचा फ्यूज

कारकुनाच्या हातात लाल पेन असले की त्याला खोडायची सवय लागते. आमच्या या सवयीने एका पावसाळ्यात काय केले, ते आज या सदरात कबूल करायचे आहे. विषय गाडीचा आहे, तरी भगिनींनी पान उलटू नये. ज्यांच्या घरातला मुलगा किंवा नवरा रिक्षा, टेम्पो, जीप चालवतो, त्या प्रत्येक घरासाठी हे लिहीत आहोत.

आमची थोरली बहीण, आक्का, अकोले तालुक्यात डोंगराकडच्या एका गावात दिली आहे. तिच्या मुलाने, आमच्या भाच्याने, जुनी महिंद्राची डिझेल जीप घेतली. चारही चाकांना जोर लागणारी. सकाळी दुधाचे कॅन, दिवसा शेतमाल, आणि रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचे झाले तर त्या वस्तीवर हीच एक गाडी.

गाडीची एकच खोड होती. खडकाळ चढावर ती तापायची. या जुन्या जीपमध्ये रेडिएटरचा पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर बसवलेला असतो आणि पट्ट्यावर फिरतो. इंजिन जोरात फिरले तर पंखा जोरात, इंजिन मंद तर पंखाही मंद. चढावर गाडी माणसाच्या चालीने रेंगाळते, समोरून वारा मिळत नाही, ओझे मात्र पुरेपूर असते. शिवाय ओढा ओलांडताना हाच पंखा पाणी उडवून इंजिनभर करतो.

मिस्त्रीने आधी रेडिएटर साफ केला, थर्मोस्टॅट बदलला, पट्टा ताणला. आधी हेच करावे. रेडिएटरची जाळी गाळाने भरलेली असेल, तर कितीही मोठा पंखा लावून उपयोग नाही. तरीही चढावर काटा वर जायचाच. तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, कारमध्ये असतो तसा विजेवरचा पंखा बसवतो. भंगारात मिळतो."

कुर्ल्याच्या बाजारात त्याला मारुती 800 चा जुना पंखा 900 रुपयांना मिळाला. पैसे आम्ही उसने देणार होतो, म्हणून त्याने खर्चाची यादी आमच्यापुढे ठेवली. पंखा 900. वायर 150. रिले, फ्यूज आणि होल्डर 350. वायरिंगवाल्याची मजुरी 600. आम्ही लाल पेन काढले आणि शेवटच्या दोन ओळी खोडल्या.

तो म्हणाला, "मामा, दुकानदार म्हणतो रिले लागतोच."

आम्ही म्हणालो, "दुकानदाराला माल विकायचा असतो. डॅशबोर्डवर रिकामा स्विच आहे ना? त्यावर घे."

त्याने मामाचे ऐकले. 2021 च्या जुलैत रात्री अकरा वाजता शेजारची एक सून बाळंतपणासाठी न्यायची होती. सोबत तिची सासू आणि आक्का. अर्ध्या चढावर काटा वर गेला, भाच्याने पंख्याचा स्विच दाबला. थोड्याच वेळात डॅशबोर्डखालून धूर आला. बारीक वायरचे प्लास्टिक वितळून खाली ठिबकू लागले. भाच्याने बॉनेट उघडून बॅटरीची वायर हाताने ओढून काढली. तळहात भाजला. त्या बाईला भर पावसात पाऊण तास ताडपत्रीखाली बसावे लागले, तेव्हा कुठे एक टेम्पो आला. बाई सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. आक्काने दुसऱ्या दिवशी फोन केला. ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "साडेनऊशे रुपये वाचले बरं का तुझे."

भाच्याने गाडीवर ताडपत्री टाकली आणि विकायचे ठरवले. गावात कुणी म्हणाले नजर लागली, लिंबू-मिरची बांध. लिंबाने वायर जाड होत नाही. आम्ही चार दिवसांची रजा टाकून गेलो. या खेपेस तालुक्याच्या गावातला, आय.टी.आय. शिकलेला एक तरुण वायरिंगवाला बोलावला. तो काम करीत होता, भाचा हत्यारे देत होता आणि आम्ही बॅटरी धरून उभे होतो. बी.कॉम. माणसाला त्या दिवशी जे कळले, ते असे.

पहिली चूक पंख्याची निवड. मारुती 800 चे इंजिन 796 सी.सी.चे. तो पंखा जीपच्या डिझेल इंजिनाला पुरणार कसा? मग मोडीत निघालेल्या इंडिका डिझेलचा पंखा आणला, तोही भोवतीच्या प्लास्टिकच्या घेरासकट. घेर नसला तर पंखा फक्त पात्यांसमोरचीच हवा ओढतो. घेर असला की साऱ्या जाळीतून ओढतो. पंखा जाळीला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधू नये, घासून रेडिएटरला भोक पडते. लोखंडी पट्टी चौकटीला नटबोल्टने बसवावी आणि मध्ये रबर घालावे.

दुसरी गोष्ट जमाखर्चाची. ही मात्र आम्हाला चटकन समजली. गाडीचा अल्टरनेटर म्हणजे जमा, बॅटरी म्हणजे शिल्लक, दिवे-वायपर-पंखा म्हणजे खर्च. वॅटला व्होल्टने भागले की अँपियर मिळतात. 60 वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे 120 भागिले 12, दहा अँपियर. बाकीचे दिवे तीन, वायपर चार. पंखा मीटर लावून मोजला, तो चौदा निघाला. एकूण एकतीस. अल्टरनेटरवर लिहिले होते पस्तीस. म्हणजे ताळा कसाबसा जमला. चढावर इंजिन मंद असताना जमाही घटते. तेवढा वेळ शिल्लकीतून भागते आणि पुढे गाडी पळाली की बॅटरी पुन्हा भरते. पण भाच्याच्या गाडीत गाण्यांचा मोठा ॲम्प्लिफायर आणि रंगीत दिवे होते. ते दहा अँपियर खात होते. "गाणी की पंखा?" वायरिंगवाल्याने विचारले. भाच्याने मुकाट्याने ॲम्प्लिफायर काढला.

तिसरी गोष्ट रिले. चौदा अँपियर डॅशबोर्डच्या नाजूक स्विचमधून नेले की स्विच जळतो आणि बारीक वायर तापते. रिले म्हणजे कचेरीतला साहेब आणि हमाल एकाच डबीत. साहेब नुसती सही करतो, खोकी दुसराच उचलतो. रिलेच्या पायांवर आकडे असतात. 30 वर बॅटरीची जाड वायर, 87 वरून पंख्याकडे. 86 वर चावीचा करंट, आणि 85 रेडिएटरवरच्या थर्मो स्विचमधून बॉडीला. पाणी 90-95 अंशांवर गेले की थर्मो स्विच जोडला जातो, रिले खट् करतो, पंखा फिरतो. पाणी निवले की आपोआप बंद. पंख्याची दुसरी वायर चॅसिसला लावताना तिथला रंग खरवडून चकचकीत लोखंड काढावे. निम्म्या तक्रारी या अर्थिंगच्याच असतात.

चौथी आणि मुख्य गोष्ट फ्यूज. चार चौरस मिलिमीटरची वायर आणि वीस अँपियरचा फ्यूज, तोही बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज पंख्याजवळ लावला तर मधली सारी वायर उघडी पडते. ती कुठे घासून बॉडीला टेकली तर आग लागेल आणि फ्यूज नुसता पाहत बसेल. फ्यूज पंख्यासाठी नसतो, वायरसाठी असतो. म्हणून तो उडाला तर मोठा लावू नये, तार गुंडाळू नये. का उडाला ते शोधावे.

जुना थर्मो स्विच आक्काच्या चुलीवर तपासला. पातेल्यात पाणी, त्यात स्विचचे टोक, शेजारी थर्मामीटर आणि एक टेस्ट लॅम्प. आक्का म्हणाली, "चहाचं पातेलं नको हं, ते फुटकं घ्या." तिचे बरोबरच होते. रेडिएटरमधले कूलंट विषारी असते आणि चवीला गोड लागते. ते घरच्या भांड्यात घेऊ नये, लेकरे आणि कुत्री जातील अशा जागी सांडू नये. आणि गाडी तापलेली असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आत दाबाखालचे उकळते पाणी असते, ते सरळ तोंडावर येते.

शेवटी पंख्याची दिशा पाहिली. रेडिएटरसमोर वर्तमानपत्राचे पान धरले. ते जाळीला चिकटले, म्हणजे हवा आत ओढली जात होती. पान उडून अंगावर आले असते, तर मोटारच्या दोन वायरी उलटसुलट लागल्या असे समजायचे. ओढ्यात उतरताना पंखा बंद ठेवता यावा म्हणून 85 च्या वायरीत एक छोटा स्विच घातला. पाण्यात फिरणारे पाते वाकून रेडिएटर कापू शकते. पलीकडे गेल्यावर स्विच चालू करायची आठवण राहावी म्हणून त्याला लाल दिवा जोडला. पट्ट्यावरचा जुना पंखा टाकून न देता सीटखाली ठेवला आहे, अडीनडीला.

मजुरीसह सारा खर्च 3,400 रुपये झाला. यादी भाच्यानेच लिहिली होती. आम्ही ती वाचली आणि पेन खिशातच ठेवले. त्याच रात्री चौघे जण बसून तो चढ चढलो. काटा वर सरकला, पुढे खट् असा आवाज आला, पंख्याची घरघर सुरू झाली आणि काटा हळूहळू मागे आला. भाचा काहीच बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी पहाटे दुधाचे कॅन भरून निघाला.

वाचकहो, आपण गरीब माणसे. जुने घेतो, दुरुस्त करतो, पुन्हा वापरतो. त्यात लाज कसली? भंगारातला पंखा चालतो. भंगारातला अंदाज चालत नाही. काटकसर करायची तर दिव्यांत करा, गाण्यांत करा. जी वस्तू काही बिघडल्यावरच कामाला येते, ती यादीतून खोडू नका. आणि घरातले पोर शिकून काही सांगत असेल, किंवा दुसऱ्याकडून विचारून आले असेल, तर वयाच्या जोरावर त्याचे तोंड बंद करू नका.

येत्या रविवारी आपल्या गाडीचे बॉनेट उघडा. बॅटरीपासून निघालेली प्रत्येक जादा वायर बोटाने पकडून तिच्या मागे जा. वीतभरात फ्यूज सापडला नाही, तर गाडी तशीच उभी करून जाणत्या माणसाला बोलवा. ती मुलगी आता अंगणवाडीत जाते. तिच्या आजीला भेटलो की आम्ही अजून आधी मान खाली घालतो, मग ख्यालीखुशाली विचारतो.