वय झालं म्हणून गोळी नको?

साठी ओलांडलेल्या माणसाला स्वतःचं बीपी आणि शुगर तोंडपाठ असते. नाडीचा आकडा त्याच बीपीच्या मशीनवर खाली उमटतो, पण तो वहीत कुणी उतरवत नाही. खरं तर आकड्यापेक्षाही नाडीचा ताल महत्त्वाचा, आणि तो मनगटावर दोन बोटं ठेवून मिनिटभरात कळतो. ज्येष्ठ नागरिक संघांच्या तपासणी शिबिरांत सुई टोचायला वेळ असतो, या मिनिटाला नसतो.

ठोक्याची सुरुवात हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातल्या सायनस नोडपासून होते. १९०७ साली आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी त्याचं वर्णन केलं. वयाबरोबर तिथल्या ठोका देणाऱ्या पेशी घटत जातात आणि त्यांच्या जागी तंतू नि चरबी साचते. गंमत म्हणजे, बसल्या जागी म्हाताऱ्याची आणि तरुणाची नाडी जवळपास सारखीच भरते. फरक दिसतो तो जिना चढताना, कारण नाडी पूर्वीइतकी वर जाऊ शकत नाही.

नाडी फारच मंदावली, मध्येच थांबू लागली, तर डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस पडतो. अशा वेळी पेसमेकर हा उत्तम उपाय. पण त्याआधी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करावी. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा नाडी मंद करतात, आणि थेंबांना कुणी औषध म्हणून मोजतच नाही.

माझं खरं भांडण आहे ते एट्रियल फिब्रिलेशनवरून. यात वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, नाडी वेडीवाकडी चालते आणि डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साकळतं. ती गुठळी मेंदूत गेली की अर्धांगवायू. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात हा धोका सुमारे पाचपट आढळला. अनेकांना धडधडही जाणवत नाही. थोडा थकवा येतो, आणि घरचे म्हणतात, ‘आता वय झालं.’

निदान झाल्यावरही हेच वय पुन्हा आडवं येतं. ‘ऐंशीच्या आजींना रक्त पातळ करायची गोळी कशाला? पडल्या तर?’ मग मधला मार्ग म्हणून ॲस्पिरिन. हा मधला मार्ग फसवा आहे. २००७ साली ब्रिटनमध्ये पंचाहत्तरी पार केलेल्या ९७३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, ॲस्पिरिनच्या तुलनेत वॉर्फरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असणाऱ्यांत पक्षाघात निम्म्याने कमी झाले. मोठा रक्तस्राव मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच होता. पडण्याच्या भीतीचं गणितही १९९९ मध्ये मांडून झालं आहे: गोळीचा तोटा फायद्याहून जड व्हायला माणसाला वर्षात सुमारे ३०० वेळा पडावं लागेल! डॉक्टर पक्षाघाताचा धोका मोजताना गुण देतात, त्यात पासष्टीला एक आणि पंचाहत्तरीला दोन गुण आहेत. म्हणजे वय हे गोळी देण्याचं कारण आहे, आणि आपण ते टाळण्याचं करून ठेवलंय.

अर्थात गोळी सरसकट नको. पोटात व्रण असेल, पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला असेल, तर विचार वेगळा. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या आता जेनेरिक मिळतात आणि त्यांना सारखी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी) तपासणी लागत नाही, पण मूत्रपिंडाचं काम अधूनमधून पाहावं लागतं. संधिवाती तापाने झडप अरुंद झाली असेल, किंवा धातूची झडप बसवली असेल, तर मात्र जुनं वॉर्फरिनच. तालुक्याच्या गावी आयएनआरसाठी हेलपाटे पडतात, ही अडचण खरी आहे. वॉर्फरिनवर मेथी-पालक बंद करायची गरज नसते. एक आठवडा रोज भाजी आणि पुढचा आठवडा मुळीच नाही, असं केलं की आयएनआर बिघडतो.