लाईट का गेली, हे लिहिलेलं असतं. पण गावाला कधी कळतं का?

पालघर : पावसाळा सुरू झाला की पालघर, डहाणू, विक्रमगड, जव्हारकडे एकच चौकशी सुरू होते, लाईट का गेली? उत्तरही ठरलेलं, "फॉल्ट आहे, काम चालू आहे." कसला फॉल्ट, कुठे, किती वाजता, हे विचारणाऱ्याला कळत नाही. पण त्याची नोंद उपकेंद्रात होत असते, आणि भरपाईपासून अपघाताच्या चौकशीपर्यंत बरंच काही त्या एका ओळीवर ठरतं.

उपकेंद्रात प्रत्येक फीडरला ब्रेकर असतो आणि त्याच्यावर नजर ठेवणारा रिले. तारेवर फांदी पडली, इन्सुलेटर फुटला, दोन तारा एकमेकींना लागल्या की करंट एकदम वाढतो. रिले ते ओळखतो आणि ब्रेकर पाडतो. जुन्या रिलेवर अशा वेळी फक्त छोटा फ्लॅग पडतो : ओव्हरकरंट की अर्थ फॉल्ट, एवढंच. ऑपरेटरने तो पाहून रजिस्टरमध्ये लिहायचा, मग रिसेट करून फीडर पुन्हा चालू करून बघायचा. घाईत न लिहिताच रिसेट केला, तर कारण तिथेच पुसलं गेलं. नव्या न्यूमेरिकल रिलेत मात्र घटना आपोआप साठते. कोणत्या फेजला किती करंट गेला, किती वाजता, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. अर्थात आतलं घड्याळ बरोबर असेल तर!

याच जिल्ह्यात तारापूर अणुवीज केंद्र आहे. तिथल्या ३ आणि ४ क्रमांकाच्या, प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या युनिटची वीज ४०० केव्हीच्या लाईनने बाहेर पडते. एवढ्या मोठ्या लाईनवर बिघाड झाला की कडक नियम आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या ग्रिड मानकांनुसार डिस्टर्बन्स रेकॉर्डर आणि इव्हेंट लॉगरमधली माहिती २४ तासांत भार प्रेषण केंद्राकडे द्यावी लागते.

हा नियम कागदोपत्री हौस नाही. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारत अंधारात गेला, तेव्हा पहिल्या दिवशी सुरुवात बीना-ग्वाल्हेर लाईन ट्रिप होण्यापासून झाली. चौकशी समितीने नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की लाईनवर बिघाड नव्हताच. लोड इतका वाढला होता की रिलेने त्यालाच बिघाड समजून लाईन तोडली. नोंद नसती तर "तांत्रिक बिघाड" या दोन शब्दांवर फाईल मिटली असती. सगळीकडच्या नोंदयंत्रांची घड्याळं जुळतात का, हे बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासा, असंही समितीने सांगितलं.

गावच्या ११ केव्ही फीडरसाठी एवढा काटेकोरपणा कोण ठेवणार, असं कुणी म्हणेल. पण सातपाटी, चिंचणी, तारापूरच्या किनाऱ्यावर बघा. खाऱ्या वाऱ्याने इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो. दव पडलं किंवा बारीक पाऊस आला की त्यावरून करंट सरकतो आणि फीडर पडतो. लाईनमन सकाळी लाईन फिरून येतो, त्याला फांदी दिसत नाही की तुटलेली तार. ऊन पडलं की सगळं ठीक! रजिस्टरमध्ये महिनाभर "पहाटे, अर्थ फॉल्ट" असं नीट लिहिलेलं असेल, तर इन्सुलेटर धुवा किंवा बदला, हे कुणालाही कळेल. नाहीतर मासळीचा बर्फ वितळत राहतो आणि बोईसर एमआयडीसीत चालू बॅच वाया जाते.

एक गोष्ट रिलेलाही दिसत नाही. तुटलेली तार कोरड्या वाळूवर, खडकावर किंवा डांबरी रस्त्यावर पडली तर करंट फार कमी वाहतो. ब्रेकर पडेलच असं नाही. गावात लाईट चालू आहे आणि शेतात तार पडलेली आहे, ही सगळ्यात धोक्याची वेळ. लांब राहायचं, गुरं लांब ठेवायची आणि १९१२ वर फोन करायचा.

अशा तारेने माणूस किंवा जनावर दगावलं तर वीज कायद्याच्या कलम १६१ प्रमाणे अपघाताची सूचना विद्युत निरीक्षकाला द्यावी लागते, तीही २४ तासांत. तार पडली कधी आणि फीडर बंद झाला कधी, हा चौकशीतला मुख्य मुद्दा. तो रजिस्टरमधूनच सुटतो. म्हणून अशा घटनेत पंचनाम्यासोबत त्या दिवसाच्या ट्रिपिंगची नोंदही मागून घ्यावी. महावितरणला माहिती अधिकार लागू आहे. अर्जात फीडरचं नाव, तारीख आणि वेळ घालावी. फीडरचं नाव लाईनमनला माहीत असतं.

भरपाईचंही तसंच. राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमांत वीज किती वेळात परत यावी हे ठरलेलं आहे, उशीर झाला तर ग्राहकाला भरपाई मिळू शकते. चक्रीवादळ, पूर अशा आपत्तीत ती लागू होत नाही. म्हणजे रजिस्टरमध्ये "वादळ" लिहिलंय की "जंपर जळाला", यावर पैशाचा प्रश्न ठरतो. लाईट गेल्यावर नुसतं लाईनमनला फोन करून थांबू नये. १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्यावा. आपल्याकडेही वेळ लिहून ठेवावी, फोटो असेल तर उत्तम. दोन्ही वेळा जुळल्या नाहीत तर ग्राहक तक्रार निवारण मंचापुढे दाखवायला हातात काहीतरी असतं.