पिंपाची नोंद व पिकाचा हक्क

पिकाचे मोल बाजारच्या काट्यावर ठरते हे खरे. परंतु त्या पिकाचे नाव पुढे कोठवर टिकते, यावरही ते अवलंबून असते. या दृष्टीने अमेरिकेतील केंटकी राज्यात नावारूपास आलेल्या बर्बन नामक व्हिस्कीचा दाखला शेतकरी बंधूंपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते. कोणी मद्य प्यावे, असा यात मुळीच उपदेश नाही.

बर्बन कशास म्हणावे, हे तेथील कायद्याने ठरविले आहे. धान्यात निदान ५१ टक्के मका हवा. मद्यार्क आतून जाळलेल्या नव्या ओक लाकडाच्या पिंपात मुरवावा. वरून रंग अगर स्वाद घालू नये. १९६४ साली अमेरिकन काँग्रेसने बर्बन हे आपल्या देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन असल्याचे ठरावाने मान्य केले. उन्हाळ्यात मद्यार्क फुगून लाकडात शिरतो, हिवाळ्यात आकसून बाहेर येतो, आणि येताना जळक्या लाकडाचा रंग व गोडवा घेऊन येतो. काही अंश उडून जातो. त्यास ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात.

या वाट्यावरूनच ‘एंजल्स एन्व्ही’, म्हणजे देवदूतांचा हेवा, असे नाव एका बर्बनला दिलेले आहे. ब्राऊन-फॉरमन कंपनीत सुमारे चाळीस वर्षे काम करून निवृत्त झालेले लिंकन हेंडरसन यांनी ती आपल्या पुत्रासह सिद्ध केली. मुरलेली बर्बन पुन्हा पोर्तुगालच्या पोर्ट वाइनच्या रित्या पिंपांत तीन ते सहा महिने ठेवावयाची, ही त्यांची युक्ती. लोणच्याच्या बरणीत दुसरा जिन्नस भरला तर त्यास पहिल्याचा वास लागतो, त्यातलाच हा प्रकार. मात्र येथे तो हेतुपुरस्सर आहे. हा उद्योग २०१५ साली बकार्डी या मोठ्या कंपनीने विकत घेतला.

रीतसर परवाना घेऊन आम्ही ती थोडी चाखून पाहिली. रंग काकवीचा. वासाने प्रथम गुऱ्हाळातील कढई आठवते, मागून मनुका. जिभेवर आधी मक्याची गोडी, मग लाकडाचा किंचित तुरटपणा, आणि शेवटी पुन्हा मनुकांची गोडी रेंगाळते. थोडे पाणी घातले की जळजळ उतरते. आमच्या मते वाइनच्या पिंपाने मक्यावर मात केलेली नाही. ती गोडी अंमळ अधिक होती, तर मका हरवला असता.

परंतु चवीहून बाटलीवरील चिठ्ठी आम्हांस अधिक मोलाची वाटली. दुसऱ्या पिंपात ठेवल्यावर ही व्हिस्की नुसती बर्बन म्हणून विकता येत नाही; ती पोर्टच्या पिंपात ठेवली होती, हे चिठ्ठीवर सांगावे लागते. महसूल खात्यात कारकुनी करताना आम्ही एक गोष्ट पक्की शिकलो : तोंडी हक्क कितीही खरा असला, तरी कचेरीत विचारतात तो सात-बाराचा उतारा. बाटलीवरील चिठ्ठी हा पिकाचा सात-बाराच होय.

आता आपल्याकडे पाहू. २००७ साली महाराष्ट्र शासनाने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांस अनुदान देण्याचे धोरण आखले, तेव्हा शेतकऱ्यांचे हित पुढे करण्यात आले होते. परंतु आपल्या देशात व्हिस्की या नावाखाली धान्याचा मद्यार्क चालतो, तसा उसाच्या मळीचाही चालतो. युरोपीय संघात मात्र मळीच्या मद्यास व्हिस्की म्हणता येत नाही. मळीस कमी लेखावे असे आम्ही म्हणत नाही. ऊसही आपलाच आहे. म्हणणे इतकेच की, मद्य मळीचे की ज्वारीचे, पीक कोणत्या जिल्ह्याचे, पिंप कशाचे, हे चिठ्ठीवर ठळक लिहिणे सक्तीचे व्हावे. नाशिकच्या वाइनची रिती पिंपे उद्या अशा कामी आली, तर नाशिकचेही नाव त्यावर यावे. शेतकऱ्यांच्या संघांनी ही मागणी शासनाकडे लेखी करावी.

धान्य खाण्यासाठी आहे, भट्टीसाठी नव्हे, असा आक्षेप काही वाचक घेतील. तो वजनदार आहे, आणि त्याचा निर्णय समाजाने अवश्य करावा. परंतु जोवर पीक भट्टीत जात आहे, तोवर ते बेनामी का जावे? नाव लागले म्हणून उद्याच भाव चढेल, असे नाही. पण नोंदच नसेल, तर हक्क कशाच्या आधारे मागावयाचा?