उद्घाटन कोणासाठीं?

दाराशीं आलेल्या पाहुण्यास आधीं पाय धुण्यास पाणी द्यावें, मग गूळपाणी पुढें ठेवावें, आणि तो जरा टेकल्यावर क्षेमकुशल विचारावें, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. पाहुणा अंगणांत ताटकळत उभा आणि यजमान आपल्या नव्या माडीचें वर्णन करण्यांत दंग, असें दृश्य कोठें दिसलें तर शेजारचें लहान पोरही हंसेल. घराच्या बाबतींत जें शहाणपण आपणांस सहज सुचतें, तें राष्ट्राच्या बाबतींत मात्र आपण विसरतों, असें मोठमोठ्या क्रीडास्पर्धांचे उद्घाटनसमारंभ पाहून आम्हांस वारंवार वाटलें आहे. ह्याविषयीं आमच्या विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं दोन शब्द बोलावे, एवढ्यासाठींच हा लेख.

ता. ३ ऑक्टोबर २०१० रोजीं दिल्ली येथें जवाहरलाल नेहरू क्रीडांगणावर राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचें उद्घाटन झालें. ७१ देश व प्रदेश यांचीं पथकें आलीं होतीं. मैदानावर एक अवाढव्य फुगा अधांतरीं तरंगत होता. त्याची किंमत सुमारें ४० कोटि रुपये असल्याचें वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें. सात वर्षांच्या एका बालकानें तबला वाजविला, निरनिराळ्या प्रांतांचे ढोल घुमले, योगासनें झालीं, माणसांचीच आगगाडी मैदानांतून चालली. इंग्लंडच्या राणीचा संदेश तिचे पुत्र चार्ल्स यांनीं वाचून दाखविला, आणि महाराष्ट्रकन्या, तत्कालीन राष्ट्रपति प्रतिभाताई पाटील यांनीं स्पर्धांस आरंभ होवो असें घोषित केलें. परदेशी पत्रकारांनींही ह्या देखाव्याची वाखाणणी केली. तेव्हां कोणी विचारील, कीं ह्यांत निराश होण्यासारखें काय होतें?

देखावा चांगला होता, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु देखावा चांगला असणें आणि स्वागत चांगलें असणें, ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. समारंभापूर्वीं बाराच दिवस आधीं, ता. २१ सप्टेंबर रोजीं, त्याच क्रीडांगणाजवळ बांधला जात असलेला पादचारी पूल कोसळून वीसांहून अधिक माणसें जखमी झालीं. त्याच सुमारास क्रीडाग्रामांतील अस्वच्छ खोल्यांचीं छायाचित्रें जगभर पसरलीं, आणि कांहीं देशांनीं आपल्या पथकांचें प्रस्थान लांबणीवर टाकलें. रस्त्याकडेच्या झोपड्या पाहुण्यांच्या दृष्टीस पडूं नयेत, म्हणून त्यांच्यापुढें स्पर्धेच्या जाहिरातींचे मोठमोठे फलक उभारण्यांत आले. खोल्या झाडावयास हात कमी पडले. झोपड्या झाकावयास फलक मात्र कमी पडले नाहींत! त्या फलकांमागें राहणाऱ्यांसारख्याच कष्टकऱ्यांच्या हातांनीं तीं क्रीडांगणें उभीं राहिलीं होतीं, ह्याची आठवण त्या रात्रीं कोणास झाली असेल काय?

समारंभांतच एक प्रसंग असा घडला, कीं त्यानें महाराष्ट्रीय मनास विशेष खंत वाटावी. संयोजन समितीचे अध्यक्ष, पुण्याचे तत्कालीन खासदार सुरेश कलमाडी भाषणास उभे राहतांच प्रेक्षकांतून हुर्यो उठली. पुढें ज्या चौकश्या व खटले झाले, त्यांचा निवाडा करणें हें आमचें काम नव्हे. पण घरचा राग पाहुण्यांच्या देखत निघावा, आणि तोही त्यांच्या स्वागताच्या घटकेस, हें कोणासच शोभलें नाहीं. मात्र त्याच प्रेक्षकांनीं पाहुण्यांच्या पथकांस, पाकिस्तानच्या पथकासही, टाळ्यांनीं आपलेंसें केलें. आमच्या मतें त्या रात्रीचें खरें उद्घाटन तेंच होय. आणि त्यास एक पैचाही खर्च आला नव्हता.

खरी निराशा तर पुढेंच होती. उद्घाटनाच्या रात्रीं क्रीडांगण फुलून गेलें होतें. पण स्पर्धा सुरू झाल्यावर पहिले कांहीं दिवस ठिकठिकाणच्या मैदानांवर आसनें रिकामीं दिसूं लागलीं. अखेरीस शाळकरी मुलांस आणून तीं भरण्याची भाषा संयोजकांस करावी लागली. वरातीस सारा गांव लोटावा आणि लग्न लागतांना मांडव ओस पडावा, तसें हें झालें. त्याच दिवसांत आपल्या नाशिक जिल्ह्यांतील सावरपाडा ह्या आदिवासी पाड्याची कन्या कविता राऊत हिनें दहा हजार मीटरच्या शर्यतींत कांस्यपदक मिळविलें. १९५८ सालीं मिल्खा सिंग यांनीं सुवर्णपदक जिंकल्यावर, राष्ट्रकुल स्पर्धांतील धांवण्याच्या वैयक्तिक शर्यतींत भारतास मिळालेलें हें पहिलेंच पदक होतें. महाराष्ट्राच्याच अनिसा सय्यद व राही सरनोबत ह्या दोघींनीं मिळून नेमबाजींत सुवर्णपदक पटकाविलें. भारताचीं एकूण पदकें १०१ झालीं, त्यांत ३८ सुवर्णाचीं होतीं. आज त्या फुग्याची गोष्ट पुष्कळांस आठवतें. सावरपाड्याचें नांव किती जणांस आठवतें, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें.

एकट्या दिल्लीचाच दोष काढावा, असा आमचा हेतु नाहीं. ता. ११ फेब्रुवारी १९९६ रोजीं कलकत्त्यास ईडन गार्डन्सवर क्रिकेटच्या विश्वचषकाचें उद्घाटन झालें. लेसर किरणांचा खेळ पडद्यांवर दिसावयाचा होता. पण वाऱ्यानें पडदे फडफडूं लागले आणि सारें चित्र विस्कटून गेलें. संघांची ओळख करून देतांनाही घोटाळा झाला. वारा कोणाच्या हातीं नसतो, हें खरें. पण पाहुण्याचें नांव नीट घेणें तरी यजमानाच्या हातीं असतें! उलट ता. ५ ऑक्टोबर २०२३ रोजीं अहमदाबाद येथें त्याच विश्वचषकाचा आरंभ कोणत्याही उद्घाटनसमारंभावांचून झाला, आणि सव्वा लाखाहून अधिक आसनांच्या त्या क्रीडांगणांत पहिला चेंडू पडला तेव्हां बहुतेक आसनें रिकामीं होतीं. म्हणजे थाट केला तरी चुकलें आणि न केला तरी चुकलें. कारण चूक थाटांत नाहीं. आपण कोणासाठीं जमलों आहों, ह्याचा विसर पडण्यांत ती आहे.

हा विसर आपल्या रक्तांतच आहे, असें मात्र नाहीं. स्वातंत्र्य मिळून चार वर्षेंही झालीं नव्हतीं, अशा वेळीं ता. ४ मार्च १९५१ रोजीं दिल्लींतच पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धांचें उद्घाटन राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें झालें. ११ देशांचे खेळाडू आले होते. फाळणीचे घाव ताजे होते, पैशाची चणचण होती, आणि तयारीस उशीर झाल्यामुळें स्पर्धा एक वर्ष पुढें ढकलाव्या लागल्या होत्या. खेळाडूंस उतरावयास लष्करी बराकी दिल्या होत्या. आमचें भिंगार हें छावणीचें गांव. तेव्हां बराक कशी असते, हें येथील मुलांस सांगावयास नको. लाल किल्ल्यांत सूर्यकिरणांवर ज्योत पेटविण्यांत आली आणि खेळाडूंनीं ती मैदानांत आणली. एवढाच काय तो थाट. त्या यजमानापाशीं मिरविण्यासारखें फारसें नव्हतें. म्हणूनच कदाचित् त्याची दृष्टि पाहुण्यांवर राहिली.

आणि इतक्या दूर तरी कशास जावें? आपल्या जिल्ह्यांतील एखाद्या गांवच्या जत्रेंतील कुस्त्यांचा हगामा पाहावा. हलगी कडाडते, आखाड्याची पूजा होते, नारळ फुटतो, आणि लगेच रेवड्यांच्या कुस्त्या लागतात. ज्यांच्या लंगोटाची गांठही बापानें बांधून दिलेली, अशीं चिमुकलीं पोरें आधीं मातींत उतरतात, आणि सारा गांव त्यांच्यासाठीं आरोळ्या देतो. नामांकित मल्लांच्या कुस्त्या शेवटीं. गांवचा पाटील असो कीं तालुक्याचा पुढारी, त्याची जागा आखाड्याच्या कडेला; मधली जागा मल्लाची. लहानांस आरंभ आणि खेळाडूस मध्यभाग देणारें ह्याहून सुंदर उद्घाटन आम्हांस ठाऊक नाहीं.

सन्मानाचीही रीत आपल्या गांवांस ठाऊक होती. १९५२ सालीं खाशाबा जाधव हे हेलसिंकीच्या ऑलिंपिकमधून कुस्तीचें कांस्यपदक घेऊन परतले, तेव्हां गोळेश्वरच्या ह्या सुपुत्राची मिरवणूक १५१ बैलगाड्यांनिशीं निघाली. पण हेंही ध्यानांत ठेवावें, कीं त्यांच्या प्रवासासाठीं कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. आधीं खेळाडूचा हात धरला, मग ढोल वाजविले. हा क्रम उलटला म्हणजे ढोल पोकळ वाजतो.

यावर कोणी म्हणेल, कीं मोठ्या राष्ट्रानें मोठेपणा दाखवूं नये काय? जगापुढें आपली कला, आपलें संगीत मांडण्याची ही संधि दवडावी काय? मुळींच दवडूं नये. त्या बालकाचा तबला आम्हांसही गोड लागला. परंतु मोठेपणा दाखवावयाचा नसतो, तो दिसावयाचा असतो. स्वच्छ खोली, वेळेवर मिळणारें पाणी, बरोबर उच्चारलेलें नांव, आणि हरलेल्या खेळाडूसही मिळालेली टाळी, ह्यांतून तो जसा दिसतो तसा फुग्यांतून दिसत नाहीं.

आतां आपल्या अंगणाकडे वळूं. गांवोगांवच्या शाळांतून क्रीडामहोत्सवाचें उद्घाटन कसें होतें? मुलें उन्हांत रांगांनीं उभीं असतात. प्रमुख पाहुण्यांची मोटार यावयाची असते. ती आल्यावर हारतुरे, परिचय, मनोगत, आभार. मांडवाची सावली व्यासपीठावर, आणि ऊन मैदानांत! एखादें अशक्त मूल भोवळ येऊन खालीं बसतें, तेव्हां कोणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन धांवतो. दिल्लीच्या फुग्यास हंसणाऱ्यांनीं आपल्या गांवांतील हा लहानसा फुगाही पाहावा.

ह्यासाठीं आमच्या कांहीं साध्या सूचना आहेत. उद्घाटन ठरल्या वेळीं व्हावें. पाहुणे उशिरा आले तर त्यांनीं दुसरी शर्यत पाहावी. भाषण एकच असावें आणि तें पांच मिनिटांत संपावें. बाहेरगांवच्या शाळेचा संघ आला असेल, तर पहिली सावली आणि पहिलें पाणी त्यास मिळावें. पहिली शर्यत सर्वांत लहान मुलांची असावी. आणि पहांटे उठून मैदानावर फक्की मारणाऱ्या शिपायाचें नांव व्यासपीठावरून एकदां तरी घेतलें जावें.

पालकांसही आमची विनंति आहे. पुष्कळ पालक उद्घाटनास किंवा बक्षीससमारंभास येतात, तेंही आपलें मूल मंचावर येणार असेल तर. त्यांनीं एखाद्या दिवशीं प्राथमिक फेऱ्यांस यावें. शेवटून पहिला आलेला मुलगा दोरीपर्यंत पोहोंचतांना मैदानांत टाळ्या वाजतात कीं शुकशुकाट असतो, यावरून ती शाळा आणि तो गांव कसा आहे, तें कळतें.

विद्यार्थिमित्रहो, राष्ट्रकुल स्पर्धांस १९३० सालीं आरंभ झाला. त्यांच्या शताब्दीचें, म्हणजे २०३० सालच्या स्पर्धांचें, यजमानपद नोव्हेंबर २०२५ मध्यें अहमदाबादेस देण्यांत आलें आहे. तोंवर तुमच्यांतील कित्येक जण मोठे झालेले असाल. कोणी तेथें खेळाडू असेल, कोणी स्वयंसेवक, कोणी खोल्यांची व्यवस्था पाहणारा, कोणी वृत्तपत्राचा बातमीदार, आणि पुष्कळ जण प्रेक्षक. तेव्हां आकाशांत काय उडालें, हें इतरांनीं सांगावें. तुम्हीं मात्र एवढेंच पाहावें, कीं दूरदेशाहून आलेल्या एखाद्या लहानशा बेटाच्या दोन खेळाडूंस रात्रीं निजावयास स्वच्छ अंथरूण मिळालें कीं नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांची शर्यत पाहावयास कोणी बसलें होतें कीं नाहीं. त्याची संवय अहमदाबादेस लागावयाची नाहीं. ती ह्याच वर्षीं, आपल्याच मैदानावर लावून घ्यावयास हवी.