क्षितिजाचा वारसा

पौर्णिमेच्या सायंकाळी रंकाळ्याच्या चौपाटीवर सारे कॅमेरे पश्चिमेकडे, मावळत्या सूर्यावर रोखलेले असतात. त्याच सुमारास पाठीमागे चंद्र उगवतो. पण शहरातील इमारतींआडून तो वर येईतो मावळतीची आभा विझलेली असते. हा अडसर कोल्हापूरला अपरिचित नाही. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस, अंबाबाईच्या किरणोत्सवात, मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यात येतात. त्यांच्या वाटेतील बांधकामांविषयी शहर वर्षानुवर्षे बोलत आले आहे. तीच जागरूकता तळ्याकाठच्या क्षितिजाविषयी का नसावी? पूर्व झाकली गेली; पश्चिमेकडे जे मोकळे उरले आहे, ते तरी इमारतींची उंची ठरविताना राखले जावे. अन्यथा आजची छायाचित्रे उद्या केवळ पुरावा म्हणून उरतील.