भिवंडी पश्चिम : भाजप जिंकला की विरोधकांनी जिंकवले?

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत भिवंडीने केंद्रीय राज्यमंत्री कपिल पाटील यांना घरी बसवले. शरद पवार गटाचे सुरेश म्हात्रे ऊर्फ बाळ्यामामा खासदार झाले. सहा महिन्यांच्या आत विधानसभेला भिवंडी पश्चिममधून भाजपचे महेश चौघुले सलग तिसऱ्यांदा निवडून आले.

असे का झाले? समोर काँग्रेसचे दयानंद चोरघे, समाजवादीचे रियाज आझमी आणि एमआयएमचे वारिस पठाण. मते तीन वाटांनी गेली. शेजारच्या भिवंडी पूर्वेत आघाडीने समाजवादीच्या रईस शेख यांना साथ दिली, ते जिंकले.

'बटेंगे तो कटेंगे' ही घोषणा भाजपची. खरी करून दाखवली विरोधकांनी. नेते जागेसाठी भांडले. यंत्रमागाचे वीजबिल आणि रस्त्यावरचे खड्डे मात्र भिवंडीकरांच्याच वाट्याला राहिले.