शेडातल्या राजदूतला रस्त्यावर येऊ द्या

बीडहून सोलापूरच्या दिशेने निघालं की बिंदुसरा प्रकल्पाजवळ पाली लागतं. या पट्ट्यातल्या गावांत घरामागच्या पत्र्याच्या शेडात, कडब्याच्या पेंढ्यांशेजारी, एखादी जुनी गाडी अजून उभी असते. कधी राजदूत, कधी एम-८०, कधी नगरच्या कारखान्यातून आलेली लुना. आजोबांनी दुधाचे कॅन लावून चालवलेली ही गाडी नातू सुट्टीच्या दिवशी खोलून बसतो. घरच्यांना तो रिकामा उद्योग वाटतो. खरं तर यंत्राचं इतकं नेमकं शिक्षण गावात दुसरीकडे कुठे मिळत नाही.

राजदूतचं इंजिन १७३ सीसीचं, टू-स्ट्रोक. त्यात ना वाल्व्ह, ना कॅमशाफ्ट. हेड उतरवून सिलिंडर वर ओढला की पिस्टन समोर येतो आणि रिंगा घासल्यात की बोअर मारावा लागणार, ते नजरेला कळतं. खरी परीक्षा ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटची. फीलर गेजची पाती पॉइंटमधल्या फटीत सरकवायची. फट साधारण ०.४ मिलिमीटर. पाती सैल फिरायला नको आणि अडकायलाही नको. फट वाढली तर ठिणगी लवकर पडते, कमी झाली तर उशिरा. कंडेन्सर बाद असेल तर पॉइंट जळून काळे पडतात. हे एकदा हाताला कळलेला मुलगा वाळूजच्या कारखान्यात गेला काय किंवा गावात गॅरेज टाकलं काय, उपाशी राहत नाही.

असा हात काय करू शकतो, हे सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी दाखवलं. भंगारातले भाग जुळवून त्यांनी छोटी चारचाकी उभी केली आणि ती सुरू करायला दुचाकीसारखी किक बसवली. २०२१च्या डिसेंबरात उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं. ती नियमांत बसत नव्हती, म्हणून तिच्या बदल्यात लोहारांना नवी बोलेरो देऊ केली. कौतुक मोठ्या मनाचं होतं. पण त्या कसबाला रस्त्यावर जागा मिळाली नाही ती नाहीच.

कायदा कडक असावा, यात वाद नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. सायलेन्सर कापून गल्ली दणाणून सोडणाऱ्यांवर कारवाई व्हायलाच हवी. पण गाडी जशी होती तशीच पुन्हा चालू करणारा मुलगा आणि हा सायलेन्सरवाला, दोघांना एका मापाने मोजणं अन्यायाचं आहे.

पण आज गाडीचं मूळ रूप जपणाऱ्या त्या मुलासाठी वेगळी वाट नाही. केंद्राच्या २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी वाट दिली. तिथे नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये आणि गाडी प्रदर्शन-रॅलीपुरतीच. ही वाट शहरातल्या संग्राहकांची. पालीतल्या शेडात उभी आहे ती तीस-चाळीस वर्षांची गाडी. तिची नोंदणी संपून गेलेली असते आणि १ एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाच्या विलंबाला मोटारसायकलमागे दरमहा ३०० रुपये जादा शुल्क लागू आहे. पाच वर्षं लांबलं तर नुसत्या विलंबाचे १८ हजार! एवढे पैसे भरण्यापेक्षा घरचे गाडी भंगारवाल्याला देतात, आणि हे शिक्षण अर्ध्यावर सुटतं.

त्यात आता इथेनॉल. ज्या उसाला बीडच्या मजुरांचा कोयता लागतो, त्याच उसातलं इथेनॉल पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळतं. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग, गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे केंद्र सरकारही मान्य करतं. कोणता भाग बदलायचा, टाकी गंजू नये म्हणून काय करायचं, हे सांगणारं माणूस मात्र गावात नाही.

दोन गोष्टी झाल्या तरी बरंच साधेल. मूळ रूपातली गाडी ब्रेक, दिवे, धूर आणि चॅसी नंबरच्या तपासणीत उतरली, तर मागचं विलंब शुल्क एकदाच माफ करावं. तो निर्णय केंद्राच्या पातळीवर व्हायला हवा. तपासणी आरटीओच्या तालुका शिबिरांत करता येईल. आणि आयटीआयची कार्यशाळा महिन्यातला एक रविवार अशा मुलांसाठी उघडावी. व्हाइस, मायक्रोमीटर, पुलर अशी हत्यारं तिथे असतात, शेडात नसतात. एमएच-२३ची जुनी पाटी पुसून, रीतसर कागदांनिशी ती राजदूत बीडच्या बाजारात दूध घेऊन जायला काय हरकत आहे?